बिअरच्या जत्रेत आमचे मास्तर

आमच्या बँडमास्तरांबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. परवा वाळूजच्या शिफ्ट बसमध्ये एक पोरगं म्हणालं, "काका, बँडवाले म्हणजे काय, चार गाणी वाजवणार अन् पंगतीत सगळ्यात आधी बसणार." मी त्याला तिथंच अडवलं. म्हटलं, बाबा रे, तू दुसऱ्या कुणाचा बँड बघितला असशील. आमच्या मास्तरांच्या बँडात वरात दारात पोचेपर्यंत कुणी पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हतं. "आधी वाजव, मंग जेव," हा कायदा. पोरगं गप बसलं. पण एकदा विषय निघाला की मला कुठं गप बसवतंय?

मास्तर शहागंजातले. दुकान म्हणजे एक खोली. भिंतीला पितळी बाजे टांगलेले, खाली सतरंजी, कोपऱ्यात कोळशाची इस्त्री. लाल कोट, त्यावर सोनेरी दोरे, आणि तुरा लावलेली टोपी. तो कोट ते स्वतः धुवायचे, स्वतः इस्त्री करायचे. घरात कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि उन्हातान्हात, सावलीत, मांडवात, डोळ्यांवर काळा चष्मा कायम. एकदा मी विचारलं, "मास्तर, मांडवात कशाला चष्मा?" तर म्हणाले, "नवरीच्या आईचं रडणं बघितलं की मेरा सूर हिलता, पाटील."

मला ते पाटील म्हणायचे. मी हर्सूलचा, शेतकऱ्याच्या घरचा, वाळूजला मशीनवर काम करणारा. आमच्या खानदानात पाटीलकी कुणाकडंच नव्हती. पण मास्तरांनी एकदा नाव ठेवलं की ते मिटत नसायचं. कंपनीची ड्यूटी संपली की लग्नसराईत मी त्यांच्याकडं पोटावर धरायचा मोठा बाजा वाजवायचो. पहिल्या दिवशी मी बाजा उचलला, तोंडाला लावला, तर मास्तर माझ्या तोंडाकडं न बघता खाली बघायला लागले. बुटाला चिखल होता. "काढ ते. पुसून ये." मी म्हटलं, मास्तर, वाजवायचं तोंडानं आहे. तर म्हणाले, "बाजा पाँव से बजता. मुँह तो खाली हवा देता. पाय बरोबर पडला की सूर बरोबर पडतो." पुढं कितीतरी वर्षं हे वाक्य मी रोज ऐकलं.

त्यांच्या तऱ्हा सांगाव्या तेवढ्या कमी. जालना रोडवर ट्रकवाल्यानं हॉर्न मारला की सायकल थांबवून ओरडायचे, "अरे, सूर तरी बघ, नालायका!" वाजवून झाल्यावर बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. काही विचारलं तर हातानंच 'नक्को' म्हणून दाखवायचे. पहिला सूर काढायच्या आधी नवरीच्या आईला शोधायचे, टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकायचे, आणि मगच कार्नेट, म्हणजे त्यांचा तो आखूड पितळी बाजा, तोंडाला. नवरदेवाच्या बापाला सलाम नाही, पुढाऱ्याला तर नाहीच. "जिच्या घरचं माणूस चाललंय, सलाम तिला," म्हणायचे.

आणि दारूचं. वरातीत कुणी पिऊन नाचायला लागलं की मास्तर वाजवणं बंद करायचे. क्रांती चौकातली गोष्ट आहे. नवरदेवाचा मामा डोक्यावर बाटली ठेवून नागीण डान्स करत आमच्या पुढ्यात लोळायला लागला. मास्तरांनी कार्नेट फडक्यात गुंडाळलं आणि दुभाजकावर जाऊन बसले. वरात अडकली, मागं रिक्षा, बस, सगळा खोळंबा. नवरदेव घोड्यावरून हात जोडतोय. ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी फुंकत आला, सगळं ऐकून घेतलं, आणि मामालाच रिक्षात घालून घरी पाठवलं. मग मास्तर उठले, चष्मा पुसला, बूट पुसला, आणि असं काही वाजवलं की खोळंबलेले रिक्षावालेसुद्धा खाली उतरून नाचले. बघा, हा माणूस!

दुसरा कायदा याच्याहून कडक. मशिदीपुढं, देवळात आरती चालू असली तर, दवाखान्यापुढं, आणि जिथं मयत झालंय त्या घरापुढं बँड बंद. मास्तर कार्नेट झेंड्यासारखं उभं धरायचे. ते दिसलं की बाजे काखेत, टोप्या हातात, बुटाचा आवाज न करता पुढं चालायचं. मग भले नवरदेवाचा बाप मागून काय वाटेल ते बोलू दे.

पुढं डीजे आले. छाती हादरवणारा तो धिंगाणा, त्याला ना सूर ना पाय. लोकांना तोच आवडायला लागला. आमच्यातली निम्मी माणसं सोडून गेली, एकजण तर डीजेची गाडीच चालवायला लागला. दुकानातला फोन वाजेना. अशात स्टेशन रोडवरचा एक हॉटेलवाला दुकानात येऊन गेला. त्याला नव्या हॉटेलात भिंतीवर टांगायला जुने पितळी बाजे पाहिजे होते. शोभेला! मास्तर त्याला हो म्हणाले नाहीत, नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाले, "पाटील, दसऱ्यापर्यंत बघतो. काम आलं तर बँड राहतो. नाय तर हे सगळे लटकतील तिथं, चिकन खाणाऱ्यांच्या डोक्यावर." ते हसले, पण मला हसू आलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच जर्मन लोकांचं काम आलं.

आमच्या कंपनीत मशिनी बसवायला जर्मनीहून माणसं आली होती. त्यांतले थोरले साहेब तिकडच्या कुठल्याशा डोंगरातल्या गावचे. पावसाळा सरला तसे ते उदास व्हायला लागले. विचारलं तर कळलं, ह्या दिवसांत त्यांच्या गावी बिअरची जत्रा भरते. सगळं गाव लांब बाकांवर बसतं, बिअर पितं, आणि बँड वाजतो. मग आमच्या एचआर साहेबांनी ठरवलं की ती जत्रा आपणच भरवायची, म्हैसमाळला. डोंगर आहे, थंडी आहे, परवाने काढू. फक्त बँड कुठून आणायचा? मी हात वर केला. एचआर साहेब म्हणाले, "हे चांगलं झालं तर दरवर्षी तुमचाच बँड. कंपनीचा गणपतीसुद्धा तुमचा, आणि वाळूजच्या बाकीच्या कंपन्यांनाही मी सांगतो." मी उडतच शहागंज गाठलं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पिऊन नाचतात का बसून पितात?"

"बसून."

"नागीण?"

"त्यांच्यात नसती, मास्तर."

"मंग ठीक. पण कुणी डोक्यावर बाटली ठेवली तर मी उठलो, सांगून ठेव तुझ्या साबला."

थोरल्या जर्मन साहेबांनी एक कॅसेट दिली होती. मास्तरांनी ती दिवसभर ऐकली. संध्याकाळी आम्हाला म्हणाले, "काही नवीन नाय. आपला दादराच आहे, गोऱ्यांचा." चाल आम्ही दोन दिवसांत उचलली. घोळ पायांचा झाला. आम्ही जन्मभर चालत वाजवलेलं. डावा-उजवा, डावा-उजवा. ह्यांची चाल तीन-तीनच्या ठेक्याची, आणि वर बसून वाजवायची! हर्सूलच्या तलावाच्या काठी आम्ही तालमी करायचो. बसलो की दोन ओळींत पाय हलायला लागायचे, चौथ्या ओळीला कुणीतरी उभा. मास्तर ओरडायचे, "बैठो! बैठो रे! पायाला दोरी बांधा!" रोज तेच. शेवटी जवळच्या जेलातला एक शिपाई सुट्टी झाल्यावर येऊन म्हणाला, "मास्तर, आतले लोक विचारायला लागलेत, ही कुणाची वरात हाय? महिनाभर वाजतीय अन् जाग्यावरनं हालंना." मास्तर त्याच्यावर चिडले नाहीत. उलट खूश झाले. म्हणाले, "ऐकणारे दर्दी आहेत."

जत्रेच्या दिवशी दुपारी आम्ही म्हैसमाळला पोचलो. वर गार वारं, गवत पिवळं पडायला लागलेलं, खाली दूरवर रानं. देवीच्या देवळापासून लांब, दुसऱ्या अंगाला मैदानात निळंपांढरं कापड लावलेलं. बाकं बनवली होती मशिनींच्या खोक्यांच्या फळ्यांची, त्यांवर जर्मन अक्षरं तशीच. थोरले साहेब कातड्याची अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि पीस खोचलेली टोपी घालून आले. आमचे कामगार तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी साहेबांच्या बुटांकडं बघितलं. चकचकीत होते. "माणूस शिस्तीचा आहे," म्हणाले.

बिअरचं पिंप फोडायच्या आधी एचआर साहेबांनी त्याच्यापुढं नारळ फोडला. मग थोरल्या साहेबांनी लाकडी हातोड्यानं तोटी ठोकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी बिअरचा पहिला मग मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी टाचा जुळवल्या, सलाम केला, आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, हा मग चालेल, आतलं नक्को. चहा मिळेल का?" मग काय, अख्ख्या बँडानं त्या दांडग्या मातीच्या मगांतून चहा प्यायला. वाजवून झाल्यावर प्यायचा, हा कायदा त्या दिवशी थंडीमुळं मोडला, तेवढाच एकदा.

आम्ही बाकांवर बसलो. मास्तरांनी डोळ्यांनीच दम दिला, पाय हलवायचे नाहीत. पहिली चाल बेस वाजली. थोरले साहेब डोळे मिटून डोलत होते. दुसरी चाल जरा पळती होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो तर काय, महिनाभर आमच्यावर खेकसणारे मास्तर स्वतःच उभे! आणि नुसते उभे नाहीत, चालायलाही लागले. मास्तर निघाले म्हटल्यावर बँड कुठं बसतोय? आम्ही मागं निघालो, तीनच्या ठेक्यावर लंगडत. आणि जर्मन लोकांना वाटलं असंच असतं! ते हातात बिअरचे मग घेऊन आमच्या मागं, त्यांच्या मागं आमचे कामगार, पुढं नाचायला एचआर साहेब. बघता बघता बिअरच्या जत्रेची वरात झाली. नवरा नाही, नवरी नाही, मैदान सोडून सगळे गावच्या रस्त्याला लागले. मी इतक्या मजेत कधीच वाजवलं नव्हतं. मनात म्हटलं, झालं! बँड वाचला! आता हॉटेलवाल्यानं भिंतीला कॅलेंडर लावावं.

रस्त्याच्या वळणावर मास्तरांचं कार्नेट उभं राहिलं.

एका झटक्यात सगळे बाजे बंद. आधी मला काही दिसलं नाही. मग दिसलं. वळणावरच्या घरापुढं माणसं खाली बसलेली, बायांचा आवाज, दारात आडवे बांबू, आणि एकजण तिरडी बांधत होता. घरातला म्हातारा गेला, कुणीतरी हळूच सांगितलं. आम्ही टोप्या काढल्या, बाजे काखेत घेतले आणि मागं फिरलो. घरातला कर्ता मुलगा दारात उभा होता, त्यानं आमच्याकडं बघितलं. 

मैदानात परत आलो तर एचआर साहेब घाई करायला लागले. "चला चला, इथं वाजवा. घर लांब आहे, ऐकू नाही जाणार."

मास्तर म्हणाले, "वारं तिकडंच चाललंय, साब. मयत उठेपर्यंत नाय."

"किती वेळ?"

"पाहुणे यायचे असतील. आपल्या हातात थोडंच आहे?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. वाळूजचे बडे बडे लोक बोलावलेले, सगळे गप बसून मगाकडं बघतायत. त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं, पण आवाज एवढा चढला की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हे बघा, आत्ता वाजवलं नाही तर पुढच्या वर्षीचं विसरा. गणपतीचंही विसरा. मी डीजे आणतो. विचार करून सांगा."

आम्हा सगळ्यांची नजर मास्तरांवर. प्रत्येकाला हॉटेलची भिंत दिसत होती. माझ्या तोंडाशी आलं होतं की मास्तर, हळू आवाजात एखादी चाल वाजवू. पण मास्तरांनी विचार करायला वेळच घेतला नाही.

"साब, तुमची जत्रा पुढच्या साली बी येती. ये बुढ्ढा आजच जा रा."

आणि खाली बसले. कार्नेट फडक्यात गुंडाळलं.

थोरल्या जर्मन साहेबांनी काय झालं ते विचारलं. कुणीतरी इंग्रजीत सांगितलं. ते हळूच उठले, पिसाची टोपी काढली, हातातला मग बाकावर ठेवला आणि वळणाकडं तोंड करून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचे उठले. मग आमचे कामगार. सगळी जत्रा उभी, टोप्या हातात. एचआर साहेबसुद्धा उभे राहिले, काय करतील? तिरडी उठली आणि खाली ओढ्याकडं गेली तोवर ऊन कलायला आलं होतं. तेव्हा माझी छाती अशी फुगली होती की लाल कोटाची बटणं तुटायची राहिली. 

त्यानंतर वाजवायचा प्रश्नच उरला नाही, पाहुणे गाड्यांत बसून निघून गेले. परतताना टेम्पोत मास्तर कुणाशी बोलले नाहीत. वाजवून झाल्यावर बोलायचे नाहीत तसंच असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शहागंजात उतरल्यावर म्हणाले, "पाटील, हॉटेलवाल्याला बोलव. लग्नसराईची वाट बघण्यात अर्थ नाय."

"मास्तर, अजून थोडे दिवस..."

"नक्को. बाजा गंजण्यापेक्षा लटकलेला बरा."

मी तरी ओढून ताणून दोन आठवडे काढले. मग हॉटेलवाला आला. सतरंजीवर बसला, भिंतीवरचे बाजे काढून बघायला लागला. माझा मोठा बाजा त्यानं उलटा धरला होता. मला वाटलं, उठून ह्याच्या दोन ठेवून द्याव्या. कार्नेट उचललं आणि म्हणाला, "हे काउंटरच्या वर शोभेल." मास्तर भिंतीकडं बघत होते. दुकानातसुद्धा चष्मा होता डोळ्यांवर.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. डोकं भादरलेलं, वर पांढरी टोपी, हातात पिशवी. मी ओळखलं नाही. मास्तरांनी ओळखलं आणि उठून उभे राहिले.

"म्हैसमाळहून आलो," तो म्हणाला. "तुमचं दुकान धुंडत धुंडत आलो. कंपनीच्या लोकांनी पत्ता दिला." मग पिशवीतनं नारळ काढला, सुपारी काढली आणि मास्तरांपुढं ठेवली. "बाप गेला माझा. वरीस व्हायच्या आत पोरीचं लगीन करायचं हाय. सगळे म्हणले डीजे आण. मी म्हणलं नाय. ज्या दारापुढनं तुम्ही बाजे काखेत मारून मागं फिरलात, त्या दारात वाजवायला तुम्हीच यायचं."

 मग पुढं म्हणाला, "गावानं बघितलंय, मास्तर. खाली सुलिभंजनला माझी सासुरवाडी, तिथंबी दोन लग्नं हायेत. त्यांनीबी सुपारी दिलीय माझ्याजवळ." आणि पिशवीतनं आणखी दोन सुपाऱ्या काढल्या.

मास्तर वळले. हॉटेलवाल्याच्या हातातलं कार्नेट काढून घेतलं. त्याच्या बोटांचे डाग पितळेवर पडले होते, ते फडक्यानं पुसले. मग त्याला म्हणाले, "भाईजान, तुम्ही भिंतीला कॅलेंडर लावा." माझ्या मनातलं वाक्य त्यांना कसं कळलं, देव जाणे! मी इतक्या मोठ्यानं हसलो की शेजारचा शिंपी बघायला आला.

ते लग्न उन्हाळ्यात झालं. म्हैसमाळचा तोच रस्ता, तेच वळण. आम्ही वरात घेऊन वाजवत वर चढत होतो. वळण आलं आणि काय सांगू, कुणी काही न सांगता आम्हा सगळ्यांचे बाजे आपोआप खाली आले. पायांना आठवत होतं ते. एकजण तर टोपी काढायला लागला. सगळी वरात गोंधळून उभी.

मास्तर गर्रकन वळले. "क्या रे! थांबलात काय? सुपारी घेतलीय ह्या दाराची!"

आणि मग पुढं होऊन त्यांनी नवरीच्या आईला शोधलं, टाचा जुळवल्या, सलाम केला. पण तिथंच थांबले नाहीत. ओट्यावर मागं, भिंतीला टेकून, गेलेल्या म्हाताऱ्याची म्हातारी बसली होती, पांढरं कपाळ घेऊन, कुणाच्या नजरेत येणार नाही अशी. मास्तर तिच्यापुढं गेले आणि तिलाही तसाच कडक सलाम ठोकला. म्हातारीनं आधी इकडंतिकडं बघितलं, सलाम दुसऱ्या कुणाला आहे का म्हणून. मग पदर सावरला आणि हात वर करून म्हणाली, "वाजवा, लेकरांनो."

मास्तरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि पहिला सूर लावला.